पाच सिग्मा आणि ‘पन्नास कमी-जास्त’ : एका गाजलेल्या पेपरचं वाचन

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मला पार्टिकल फिजिक्समध्ये मशीन लर्निंग करायचंय." मीही हेच वाक्य घेऊन पीएचडीला आले होते, त्यामुळे हसण्याचा मला अधिकार नाही. मग मी विचारते, काय वाचलंय? बहुतेक वेळा उत्तरात एकच पेपर येतो. पिएर बाल्डी, पीटर सडोव्स्की आणि डॅनियल व्हाइटसन या कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या तिघांनी २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये लिहिलेला, डीप लर्निंगने नवे कण शोधण्याबद्दलचा पेपर. मुलांना त्यातला एक आकडा पाठ असतो : वर्गीकरणात आठ टक्क्यांपर्यंत सुधारणा. आणि एक निष्कर्षही : फिजिसिस्टनी डोकं खाजवून जे काढलं, त्याहून जास्त मशीनने स्वतःच शोधलं.

हा पेपर मी तीनदा वाचला. पहिल्यांदा भारावून. दुसऱ्यांदा त्याचा निकाल स्वतः कोड लिहून काढून बघण्यासाठी. तिसऱ्यांदा माझं स्वतःचं काम फसल्यावर. आज लिहितेय ते तिसऱ्या वाचनाबद्दल. पेपर वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, तेवढा पुरावा त्यात नाही, एवढंच म्हणायचंय. आणि हा फरक वेळेवर कळला नाही तर पीएचडीतलं एखादं वर्ष सहज जातं.

आधी त्यात आहे काय ते बघू. लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात. समजा निसर्गात आपल्या ओळखीच्या हिग्जखेरीज आणखी जड हिग्ज कण आहेत. पेपरमध्ये धरलेली गोष्ट अशी : दोन ग्लुऑनपासून ४२५ जीईव्हीचा एक जड हिग्ज तयार होतो, तो फुटून ३२५ जीईव्हीचा विद्युतभारित हिग्ज आणि एक डब्ल्यू बोसॉन देतो, तो विद्युतभारित हिग्ज पुन्हा फुटून आपला १२५ जीईव्हीचा हिग्ज आणि आणखी एक डब्ल्यू देतो. शेवटी हाती काय, तर दोन डब्ल्यू आणि दोन बी क्वार्क. हा सिग्नल. गोची अशी, की टॉप आणि अँटिटॉप ही जोडी फुटली की तिच्यातूनही नेमके दोन डब्ल्यू आणि दोन बी क्वार्कच मिळतात. हा बॅकग्राउंड. डिटेक्टरला शेवटचे तुकडे तेवढे दिसतात, मधली वंशावळ दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक इव्हेंटसाठी २१ ‘कच्चे’ आकडे आहेत : एका लेप्टॉनचे, चार जेटचे, प्रत्येक जेटचा बी-टॅग आणि न दिसलेल्या ऊर्जेचे. शिवाय फिजिसिस्टनी त्या २१ मधून गणित करून काढलेले सात ‘पक्के’ आकडे आहेत. हे सातही एकाच प्रकारचे : कुठले तुकडे एकत्र धरले तर मूळ कणाचं वस्तुमान किती येईल. सिग्नलमध्ये दोन बी जेटचं मिळून वस्तुमान १२५ च्या आसपास गोळा व्हायला हवं, टॉपच्या बॅकग्राउंडमध्ये तसं काही कारण नाही. साधी, सुंदर कल्पना आहे.

आता मुख्य तक्ता. तिथलं माप आहे एयूसी. म्हणजे काय, तर एक सिग्नल आणि एक बॅकग्राउंड इव्हेंट डोळे मिटून उचलले, तर नेटवर्क सिग्नलला जास्त गुण देईल याची शक्यता. नाणेफेक म्हणजे ०.५, देव म्हणजे १. एकाच लपलेल्या थराच्या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कला फक्त कच्चे आकडे दिले तर ०.७३३, फक्त पक्के दिले तर ०.७७७, दोन्ही दिले तर ०.८१६. डीप नेटवर्कला कच्चे दिले तर ०.८८०, पक्के दिले तर ०.८००, दोन्ही दिले तर ०.८८५.

ही ओळ जरा थांबून वाचा. डीप नेटवर्कला फिजिसिस्टचे सात आकडे देऊन फारसा फायदाच होत नाही, कारण ०.८८० वरून ०.८८५. उलट फक्त ते सातच दिले तर ते पांगळं होतं. याचा अर्थ कच्च्या आकड्यांमध्ये अशी माहिती होती जी सात वस्तुमानं काढताना सांडली, आणि नेटवर्कने ती वेचली. हे खरं आहे, महत्त्वाचं आहे, आणि २०१४ साली बऱ्याच लोकांना हे पटत नव्हतं. शिवाय लेखकांनी एक कोटी दहा लाख इव्हेंटचा तो डेटासेट सगळ्यांसाठी खुला करून टाकला. आमच्या क्षेत्रात, जिथे एक प्लॉट बाहेर दाखवायला परवानग्या लागतात, तिथे ही मोठीच गोष्ट होती. पुण्या-कोल्हापुरातला एखादा मुलगा हॉस्टेलमध्ये बसून हा निकाल पडताळू शकतो, ते यामुळेच.

आता तक्रारी. पहिली लहान आहे. "माणसाने बनवलेले आकडे हरले" असं म्हणताना माणसाच्या बाजूने मैदानात कोण होतं ते बघा. सात वस्तुमानं, बूस्टेड डिसिजन ट्री आणि एका थराचं नेटवर्क. त्या काळी एलएचसीवर हीच रूढ पद्धत होती, म्हणून तुलना अन्यायाची म्हणता येत नाही. पण माणसाची सर्वोत्तम पद्धत ती नव्हती. टेव्हाट्रॉनवरच्या डी-झीरो प्रयोगाने २००४ मध्येच टॉप क्वार्कचं वस्तुमान मॅट्रिक्स एलिमेंट पद्धतीने मोजलं होतं. त्या पद्धतीत इव्हेंटचे सगळेच मोजलेले आकडे क्वांटम फील्ड थिअरीच्या सूत्रात घालून ‘हा इव्हेंट सिग्नलचा असण्याची शक्यता किती’ हे थेट काढतात. ती पद्धत भयंकर संथ आहे हे खरं. पण माहिती सांडत नाही. ती तक्त्यात नाही. त्यामुळे पेपरने सिद्ध केलं ते एवढंच, की डीप नेटवर्क सात ठरावीक आकड्यांपेक्षा सरस आहे. ‘फिजिक्सच्या ज्ञानापेक्षा सरस’ हे आपण मागाहून चिकटवलेलं शेपूट.

दुसरी तक्रार पेपरबद्दल नाही, तो सांगणाऱ्यांबद्दल आहे. त्याच पेपरात दुसरा प्रश्नही आहे, सुपरसिमेट्रीचा, दोन लेप्टॉनवाला. तिथे एका थराच्या नेटवर्कला सगळे आकडे दिले तर ०.८७५ मिळतात, आणि सर्वात चांगल्या डीप नेटवर्कला ०.८७९. वर्गात, सेमिनारमध्ये, यूट्यूबवर पहिला तक्ता दाखवतात, दुसरा कुणी दाखवत नाही. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप पडतो : इथे फरक एवढासाच का? माझं उत्तर असं, की त्या प्रश्नात कच्चे आकडे आठच आहेत आणि पक्के आकडे दहा, तेही गेल्या काही वर्षांत लोकांनी मुद्दाम या कामासाठी घडवलेले. तिथे सांडायला फारसं काही उरलंच नव्हतं. म्हणजे डीप लर्निंगचा फायदा प्रश्नाप्रश्नावर ठरतो, आणि तो किती होईल हे सांगायला पुन्हा फिजिक्सच लागतं. (एक प्रामाणिक नोंद : त्याच दुसऱ्या प्रश्नात शोधाचं बळ मात्र ६.९ सिग्मावरून ७.६ वर जातं. एयूसी सगळ्या इव्हेंटची सरासरी सांगते, शोध लागतो तो एका कोपऱ्यात. म्हणून एयूसीवर कधीच फार प्रेम करू नये.)

तिसरी तक्रार मोठी आहे, आणि ती एका छोट्या वाक्प्रयोगात आहे.

पहिल्या प्रश्नात, सगळे आकडे देऊन, एका थराचं नेटवर्क ३.७ सिग्मापर्यंत पोचतं आणि डीप नेटवर्क ५.० पर्यंत. पाच सिग्मा म्हणजे आमच्याकडे ‘शोध लागला’ म्हणण्याची रेघ. ३.७ म्हणजे ‘काहीतरी आहे बुवा’. त्यामुळे हा आकडा डोळ्यांत भरतो. तो काढताना धरलंय काय? सिग्नलचे १०० इव्हेंट आणि बॅकग्राउंडचे १०००, पन्नास कमी-जास्त.

हे ‘पन्नास कमी-जास्त’ म्हणजे बॅकग्राउंड आपल्याला पाच टक्क्यांच्या आत माहीत आहे असं गृहीत धरणं. पेपरने हे लपवलेलं नाही, स्पष्ट लिहिलंय. पण हे पाच टक्के आले कुठून? आणि नेटवर्कने चाळणी लावून एक छोटा कोपरा निवडल्यावरही ते पाचच राहतात का?

हिशेब करून बघू. आकडे माझे, काल्पनिक, आणि सूत्रही ढोबळ : सिग्नल भागिले बॅकग्राउंडच्या एकूण अनिश्चिततेने. चाळणीनंतर समजा ३० सिग्नल आणि ३० बॅकग्राउंड उरले. बॅकग्राउंड पाच टक्क्यांच्या आत माहीत असेल तर ५.३ सिग्मा येतात. पेढे वाटा. तोच बॅकग्राउंड त्या कोपऱ्यात ३० टक्क्यांच्या आतच माहीत असेल तर २.८. नेटवर्क तेच, एयूसी तीच, डेटा तोच, आणि पेढे परत.

३० टक्के हे मी घाबरवायला लिहिलेलं नाही. हजारातले तीस इव्हेंट म्हणजे टॉपच्या बॅकग्राउंडची शेपटी, आणि सिम्युलेशनवर सगळ्यात कमी भरवसा शेपटीतच असतो. त्यातून टॉप क्वार्कचीच गोष्ट घ्या. एलएचसीच्या पहिल्या पर्वात अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दिसलं, की टॉप क्वार्कचा आडवा संवेग खऱ्या डेटात सिम्युलेशनपेक्षा मवाळ आहे. म्हणजे जास्त संवेगाचे टॉप सिम्युलेशन दाखवतं तितके निसर्गात नाहीत. पुढे अधिक अचूक गणितं झाली तेव्हा ही तफावत बरीच कमी झाली, पण मधली काही वर्षं लोक सिम्युलेशनच्या इव्हेंटना वजनं लावून वेळ मारून नेत होते. पेपरमधला बॅकग्राउंड नेमका हाच आहे. आणि त्यातला सिग्नल व बॅकग्राउंड दोन्ही सिम्युलेशनचेच : मॅडग्राफने टक्कर घडवली, पिथियाने जेट बनवले, डेल्फीने झटपट डिटेक्टर उभा केला. खऱ्या डिटेक्टरमधला एकही इव्हेंट त्यात नाही. नेटवर्क जे शिकलं ते निसर्ग नव्हे, निसर्गाबद्दलचं आपलं सॉफ्टवेअर.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या दुसऱ्या वर्षी मी असंच एक नेटवर्क घेऊन ग्रुप मीटिंगमध्ये गेले. (कुठला प्रयोग, कुठली चॅनेल, ते राहू दे.) जुन्या पद्धतीपेक्षा माझी एयूसी चांगली होती, स्लाइडवर हिरव्या रंगात होती. सर खूश. मग आमच्या ग्रुपमधल्या पोस्टडॉक ताईंनी विचारलं, "हे कंट्रोल रीजनमध्ये कसं दिसतं?" कंट्रोल रीजन म्हणजे डेटाचा असा भाग जिथे सिग्नल असायचं कारण नाही, तिथे सिम्युलेशन आणि डेटा जुळायलाच हवेत. मी बघितलंच नव्हतं. त्या रात्री बघितलं. कमी गुणांकडे डेटा आणि सिम्युलेशन गळ्यात गळा, आणि गुण वाढत जातील तसा डेटा खाली खाली घसरत गेलेला. सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात, जिथे माझं सगळं यश होतं, तिथे सिम्युलेशन सरळ सरळ थापा मारत होतं, आणि माझं नेटवर्क त्या थापांवरच जगत होतं.

पुढचे आठ महिने मी नेटवर्कला हात लावला नाही. बॅकग्राउंड डेटावरूनच कसा मोजायचा, वजनं लावली तर अनिश्चितता किती धरायची, कुठले आकडे नेटवर्कला द्यायचेच नाहीत, हेच चाललं होतं. शेवटी जे नेटवर्क वापरलं त्याची एयूसी पहिल्यापेक्षा कमी होती. ताई म्हणाल्या, "अगं, आता कुठे तुझं काम सुरू झालं." तेव्हा राग आला होता.

म्हणून मी त्या ‘पन्नास कमी-जास्त’कडे आता वेगळ्या नजरेने बघते. पेपरसाठी ते एक गृहीतक आहे, आणि पद्धतींची आपापसात तुलना करायला ते चालतंही. प्रयोगात काम करणाऱ्यासाठी मात्र तीच पीएचडी आहे. ते पन्नास पन्नासच का, ऐंशी का नाहीत, हे सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि नेटवर्क शिकवण्यात एक दुपार.

क्षेत्राला हे कळलं नाही असं नाही. पण कळायला वेळ लागला. त्याच वर्षी, २०१४ मध्ये, अ‍ॅटलासच्या सिम्युलेशनवर कॅगलची हिग्ज स्पर्धा झाली होती. १७८५ संघ उतरले, जिंकला गाबोर मेलिस, आणि तियानची चेन व तोंग हे या दोघांना त्यांच्या पद्धतीसाठी वेगळं पारितोषिक मिळालं. ती पद्धत म्हणजे आज सगळे वापरतात ते एक्सजीबूस्ट. स्पर्धेचं माप सिग्माच्या जवळ जाणारं होतं, म्हणजे एयूसीपेक्षा शहाणं. पण सिम्युलेशन चुकीचं असेल तर काय, हा प्रश्न त्यात नव्हता. मग २०१६ मध्ये जिल लूप, मायकेल केगन आणि काइल क्रॅन्मर यांनी दाखवलं, की दोन नेटवर्क एकमेकांविरुद्ध लढवून, थोडी अचूकता सोडून, सिम्युलेशनच्या चुकांना कमी हलणारं वर्गीकरण मिळवता येतं. आणि मुद्दाम अनिश्चिततेवरच बेतलेली हिग्ज स्पर्धा यायला २०२४ साल उजाडलं. दहा वर्षं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी फारच रडकी वाटेन. कच्च्या आकड्यांवर विश्वास ठेवा, हे त्या पेपरचं मूळ म्हणणं काळाने खरं ठरवलं. जेट कुठल्या क्वार्कपासून आला हे ओळखायला आज सीएमएस पार्टिकलनेट वापरतं, अ‍ॅटलास जीएन२ वापरतं. दोन्ही जेटमधल्या एकेका कणाचे, ट्रॅकचे कच्चे आकडे घेतात आणि जुन्या पद्धतींना बरंच मागे टाकतात. पण तिथेही प्रत्येक नेटवर्कमागे एक टीम बसलेली असते, खऱ्या टॉपच्या इव्हेंटवर त्याची कामगिरी मोजून दुरुस्तीचे गुणक काढणारी. नेटवर्कचं नाव सगळ्यांना माहीत असतं. गुणक काढणाऱ्यांचं नाव कुणालाच नाही.

आणि इथे करिअरची भानगड येते. अर्व्हाइनच्या त्या पेपरवर तीन नावं आहेत. २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएसने मिळून हिग्जचं वस्तुमान जाहीर केलं, त्या पेपरवर ५१५४ नावं आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची. तुम्ही आठ महिने बॅकग्राउंड मोजलात की मीटिंगमध्ये चहा प्यायलात, यादीत जागा तीच. तुमचं काम खरोखर काय होतं ते अंतर्गत नोंदींत असतं आणि गाइडच्या शिफारसपत्रात. बाहेरच्या निवड समितीला ते दिसत नाही. उलट खुला डेटासेट घेऊन, नवं नेटवर्क लावून, तिसऱ्या दशांशात सुधारणा दाखवणारा तीन नावांचा पेपर सहा महिन्यांत होतो, आणि तो सगळ्यांना दिसतो, कंपन्यांनाही. मग हुशार मुलं कुठे वळणार? मी त्यांना दोष देत नाही. मीही असा एक पेपर लिहिलाय, आणि पोस्टडॉकच्या अर्जात तो सगळ्यात वर ठेवलाय.

पण निवड करताना कशाची निवड करतोय हे माहीत असावं. ‘पार्टिकल फिजिक्समध्ये मशीन लर्निंग’ या एका वाक्यात दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. एकीत सिम्युलेशन म्हणजे सत्य, आणि तुम्ही पद्धत सुधारता. दुसरीत सिम्युलेशन म्हणजे संशयित, आणि तुम्ही त्याची उलटतपासणी घेता. आपल्याकडे टीआयएफआर, आयसर पुणे वगैरे संस्था सीएमएसमध्ये आहेत, भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे दुसऱ्या नोकरीचा रस्ता घराजवळून जातो. मुलाखतीला जाल तेव्हा होणाऱ्या गाइडना एवढं विचाराच : माझ्या नेटवर्कचा बॅकग्राउंड कोण मोजणार? "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर ‘नंतर’ म्हणजे तुमचं तिसरं आणि चौथं वर्ष, हे धरून चला.

आणि पेपर जरूर वाचा, पण वाचताना एक प्रयोग करा. डेटासेट उतरवा. शेवटचे पाच लाख इव्हेंट चाचणीसाठी आहेत, ते बाजूला ठेवा. बाकीच्यांवर नेटवर्क शिकवा. पाच थर, प्रत्येकी ३०० न्यूरॉन, तेव्हा तेवढंच होतं. मग चाचणीच्या बॅकग्राउंड इव्हेंटना वजनं द्या : पहिल्या जेटचा आडवा संवेग जितका जास्त, तितकं वजन थोडं कमी. शेपटीत दहा टक्के, वीस टक्के, तुम्हीच ठरवा. निसर्ग आपल्याशी असाच वागतो. आता एयूसी किती हलली ते बघा, आणि वरच्या तीन टक्के गुणांच्या कोपऱ्यात बॅकग्राउंड किती हलला ते बघा. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. फाइल यूसीआयच्या संग्रहात अजून आहे, दोन जीबीहून मोठी आहे. हॉस्टेलचं वायफाय असेल तर रात्री लावून झोपा.